बाई खोटं बोलत नाही

दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. केजच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. डोंगरपट्ट्यातली माणसं ऊसतोडीला निघतात ती याच दिवसांत, आणि निघण्याआधी संसार हलका करून घेतात. पितळेचं-तांब्याचं घरी कुलपात राहतं. सोबत न्यायला जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं भगुनं, पातळ बुडाचा तवा, झाकणाची कळशी, पत्र्याची पेटी. बायका भगुनं कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवून बघतात. दिवसभर तो टणटण आवाज चालतो आणि मग एका सकाळी एकदम थांबतो. ट्रक आणि ट्रॅक्टर कळंबच्या रस्त्याने गेलेले असतात. रस्त्यावर कडब्याच्या काड्या आणि कुणाच्या तरी पायातून सुटलेली एखादी चप्पल पडलेली असते.

यंदा तो आवाज थांबला त्या दिवशी दुपारी मी दुकानात रिकामाच बसलो होतो. फोनवर आमच्या ओळखीपाळखीच्या लोकांचा एक गट आहे. तिथं एका नव्या चित्रपटावरून वाद चालला होता. कुणाच्या मते तो वर्षातला सगळ्यांत चांगला, कुणाच्या मते निव्वळ ढोंग. बोटं भराभर चालत होती. तेवढ्यात एकाने लिहिलं, "शेवटी ती बाई रडते ते मला खोटं वाटलं." त्याला लगेच चार-पाच अंगठे मिळाले.

मी फोन पालथा घातला. हेच वाक्य, जवळजवळ असंच, मी एकदा लिहिलं होतं. याच ऋतूत, याच गावात, एका बाईबद्दल. ती बाई माझ्या मित्राची आई होती. लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा. केजला बसस्टँडजवळ एका फोटो स्टुडिओच्या माडीवर सलीमभाईने नेट कॅफे काढलं होतं. तीन कॉम्प्युटर, मधे लाल पडदे, जिन्यावर कायम डेव्हलपिंगच्या रसायनाचा वास. भारनियमन आठ-आठ तासांचं. वीज गेली की सलीमभाई बॅटरीवर एकच कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि तो बहुधा मलाच मिळायचा, कारण दुपारी दोन ते चार या वेळात बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नसे आणि मी दुकान वडिलांवर टाकून तिथं पळत असे.

आम्ही तिघं होतो. मी, नामदेव आणि सुनंदा. तिघंही केजच्या कॉलेजात एका वर्गात. गावातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये लागलेला प्रत्येक चित्रपट बघायचा आणि नंतर कँटीनमागच्या ओट्यावर त्याची हाडं मोजायची, हा आमचा धंदा. नामदेव सबंध चित्रपट उभा राहून करून दाखवायचा. घोड्याचा आवाजसुद्धा तोच काढायचा. पुढे तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, सुनंदा औरंगाबादला एका वर्तमानपत्रात, आणि मी होतो तिथंच राहिलो. मग सुनंदाने इंटरनेटवर एक गट काढला. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपण नवं काय पाहिलं ते लिहायचं, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. आणखी चार-सहा जण त्यात होते, पण ते नुसते वाचणारे. भांडणारे आम्ही तिघंच.

खरं सांगायचं तर त्या गटाने मला वाचवलं. आठवडाभर मी पातेल्यांची झाकणं जुळवत असे आणि शुक्रवारची वाट बघत असे. त्या दोघांसारखा मी कुठं गेलो नव्हतो. गेलो असतो तर काय झालो असतो, हे त्यांना दाखवायची माझी ती एकच जागा होती. नामदेव पुण्याच्या फिल्म क्लबात परदेशी चित्रपट बघायचा, सुनंदाकडे माहितीपटांच्या सीड्या यायच्या. ती त्यांच्या प्रती काढून मला एसटीच्या पार्सलने पाठवायची. माझं मत सर्वांत धारदार असलं पाहिजे, अशी माझी माझ्याशीच पैज लागलेली असे. मी एखाद्या चित्रपटाची साल काढली की नामदेव लिहायचा, "मन्या, तू भांडी घासून घासून असा झालास बे." ते वाचून मी पडद्याआड हसायचो.

लिहायचो मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. मराठी अक्षरं तेव्हा धड उमटत नसत, नुसते चौकोन यायचे. त्यामुळे घोटाळे व्हायचे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नामदेवने मधेच एका ओळीत लिहिलं होतं की आईच्या पोटात कळ येते, म्हणून तिला भेटून आलो. इंग्रजी अक्षरांत कळ आणि काल सारखंच. मी 'काल' वाचलं. वाक्य नीट लागेना, पण दोनदा वाचायला वेळ कुणाला होता? "काल आली तर आज परत का गेली? ठेवून घ्यायची की," असं काहीतरी गमतीचं लिहिलं आणि खाली चित्रपटावर आलो. त्याने ती चूक दुरुस्त केली नाही.

नामदेवचं गाव लिंबागणेशच्या पलीकडं डोंगरात. केजला तो मामाकडे राहून शिकला. वडील काय करतात, असं एकदा मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "शेती." ते खोटं नव्हतं. चार महिने ते शेतीच करायचे. उरलेल्या महिन्यांचं मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पाच वर्षं एका बाकावर बसलेला माणूस. मी त्याच्या आईवडिलांना कधी पाहिलं नव्हतं. कारण मी जेव्हा जेव्हा मोकळा असे, तेव्हा ते गावात नसत.

त्या हिवाळ्यात थंडी फार होती. शाळू पोटरीत आलेला, सकाळी अकरापर्यंत रस्त्यावर शेकोट्यांची राख. आमच्या घरची माणसं कार्तिकात कपिलधारला जाऊन आली होती. देवघरात तिथल्या विभूतीची पुडी होती आणि आईने ती माझ्या कपाळाला रोज लावायचा नेम धरला होता. असा कपाळाला विभूती लावलेला मी एका दुपारी सलीमभाईच्या कॉम्प्युटरवर सुनंदाने पाठवलेली ती सीडी बघायला बसलो.

चाळीस मिनिटांचा माहितीपट होता. पश्चिमेकडल्या उसाच्या पट्ट्यात तोडीला गेलेल्या बायकांचा. दोन शहरी मुलींनी केलेला. पुण्यात त्याला टाळ्या पडल्या होत्या. सुनंदाला त्याच्यावर रविवारच्या पुरवणीत लिहायचं होतं आणि त्याआधी तिने आमची मतं मागवली होती. यंदा पाहिलेल्यांतला हा सर्वांत चांगला का, असा तिचा प्रश्न.

त्यातला एक प्रसंग सगळे नावाजत होते. एक बाई, चाळिशी ओलांडलेली, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या भाऱ्यावर बसली आहे. मागे ट्रक भरला जातोय. ती पातीची शीर नखाने सोलते आहे आणि खाली बघूनच बोलते आहे.

"सातवा म्हैना सरला व्हता. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं टरकात चढायलते. फळी हालली. पडले न्हाई, पर पोटात कळ आली. तितंच फडात झाली. पोरगी व्हती. रडलीच न्हाई. बांधाला पुरली." मग ती थांबते. "गाडी भरायची ऱ्हायली व्हती." पुन्हा थांबते. पातीची शीर तुटते. "भरली."

मग ती मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघते आणि हसते. अगदी थोडं. म्हणते, "झालं का, बाय?" आणि चित्र कापलं जातं.

मी तो प्रसंग तीनदा पाहिला. आणि मग बॅटरी संपायच्या आत, घाईघाईने, पण फार आनंदाने, सर्वांना लिहिलं की हा प्रसंग बनावट आहे. बाई खरी असेल, मजूरही असेल, पण तिला हे शिकवलेलं आहे. 'भरली' या शब्दाआधीचा तो थांबा बघा, इतका नेमका थांबा नाटकातली नटी घेते. पाती तुटते ती बरोबर त्याच क्षणी. आणि शेवटचं ते हसू. पोटच्या पोरीला पुरल्याचं सांगून कुठली आई हसेल? कॅमेरा आहे हे तिला माहीत आहे, तिने तो वापरला आहे, आणि आपण सगळे फसलो आहोत. असे तीन परिच्छेद. ते लिहून झाल्यावर जिना उतरताना मी शीळ घालत होतो, हेही मला आठवतं. ते विसरता आलं तर बरं होईल.

सुनंदाने भांडण काढलं. ती म्हणत होती, बाई खरी की खोटी हा प्रश्नच नाही, हे दाखवायचा हक्क त्या मुलींना होता का, हा आहे. मी उत्तर दिलं. तिने प्रत्युत्तर दिलं. वाचणाऱ्यांतले दोघं माझ्या बाजूने बोलले. आठवडाभर त्या बाईचं हसू आम्ही चिमट्यात धरून इकडून तिकडून बघत होतो. नामदेव गप्प होता. मी त्याला डिवचलंसुद्धा, "पुणेकर, झोपलात का?"

दहाव्या दिवशी त्याची एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, पण ती वाचताना काही घोटाळा झाला नाही. "बाई खोटं बोलत नाही. ती माझी आई आहे."

बॅटरी शाबूत होती, पण मी कॉम्प्युटर बंद केला. सलीमभाईने विचारलं, "काय झालं मन्मथ शेठ, तब्येत बरी हाय ना?" मी बरी आहे म्हणालो. दुकानात येऊन बसलो. एक गिऱ्हाईक कळशी मागत होतं आणि मी त्याला तांब्या दाखवत होतो.

मी नामदेवला फोन केला, त्याने उचलला नाही. लिहायला गेलो तर काय लिहायचं ते कळेना. सुनंदाने तिचं परीक्षण छापायला गेलेलं परत काढून घेतलं. संपादकाचं ऐकून घ्यावं लागलं तिला, पण कारण तिने सांगितलं नाही. तिला मी म्हणालो, निदान तू तरी त्या बाईवर शंका घेतली नव्हतीस. ती म्हणाली, "मी पण तिच्याबद्दलच बोलत होते ना, मन्मथ. तिच्याशी थोडंच बोलत होते?" त्या शुक्रवारी गटावर कुणी काही लिहिलं नाही. पुढच्याही नाही. मग ती सवयच गेली.

चैत्रात, भर बाराच्या उन्हात, नामदेव दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. खांद्याला एक पिशवी. दाढी वाढलेली. माझ्या वडिलांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "चल."

"कुठं?"

"गावाला. पट्टा पडला. अण्णा अन् आई काल आलेत." कारखान्याचा हंगाम संपतो त्याला आमच्याकडं पट्टा पडणं म्हणतात.

"मी कावून बे?" मी हळूच विचारलं.

"तुला खोटं वाटलं न्हवं? मग तू ऐक." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "अन् मी एकटा गेलो तर ती सांगायची न्हाई. परक्यापुढं सांगती ती. मला बहीण होती हे मला सीडीत कळलं, मन्या."

दोन जीपा बदलून गेलो. डोंगर नागडे, विहिरींच्या तळाला हिरवट डबकी, बाभळींवर धूळ. गावात मात्र गजबज होती. पाच-सहा महिन्यांनी कुलपं निघाली होती. प्रत्येक दारातून झाडू, धूळ आणि कोळिष्टकं बाहेर येत होती. नामदेवच्या दारात त्याचे वडील किसनअण्णा पत्र्याची पेटी उन्हात उघडून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेटीत बघू लागले. त्याची आई, गयामावशी, अंगणात राखेने भांडी घासत होत्या. सीडीतल्यापेक्षा त्या बारीक होत्या, आणि आवाज जास्त मऊ होता.

"ये बाबा. तू मन्मथ न्हवं? नामा लई सांगतो तुझं."

बसायला गोणपाट टाकलं. त्यांच्या पुढ्यात काळंठिक्कर पडलेलं एक भगुनं पालथं होतं. राख निघाली तशी त्याच्या काठावरची अक्षरं दिसू लागली. गयाबाई किसन. नाव टाकायचं मशीन आमच्या दुकानात मीच चालवायचो. माझा 'ग' थोडा वाकडा येतो. तो वाकडा 'ग' मला लगेच ओळखू आला. म्हणजे ही बाई कधीतरी माझ्यासमोर उभी राहिली होती, तिने मला आपलं नाव सांगितलं होतं, मी ते कोरलं होतं, आणि वर बघितलं नव्हतं.

कोरा चहा झाला. नामदेवने कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "आई, मला बहीण व्हती का?"

मावशींचा हात भगुन्यावर थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णा पेटीतून काहीतरी शोधतच राहिले.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. त्या पिच्चरमदी."

"त्या पोरींनी दाखवलं व्हय?" त्यांनी भगुनं सुलटं केलं. "मला वाटलं त्यांच्यापाशीच ऱ्हाईल."

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुझी धावी व्हती. त्या हप्त्यात तुझे पेपर चालू व्हते. तवा कसं सांगायचं? मंग पास झालास, पेढे घिऊन आलास. तवा कसं सांगायचं? मंग ऱ्हायलंच."

नामदेव मान खाली घालून बसला. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्याला वाटलं तू नाटक केलंस. शेवटाला हासलीस म्हून."

अंगणात ऊन इतकं होतं की मला कुठं बघावं ते कळेना. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यात राग नव्हता. त्या आठवायला लागल्या होत्या, मी खरंच काही विचारलं असावं तसं.

"हासले व्हय मी?" त्या म्हणाल्या. "असंन. ती फोटू काढणारी पोर रडायलती. त्या डब्याच्या मागं तोंड लपवून. लई कवळी पोर, तुमच्याच वयाची असंन. मला कसंतरीच झालं. तिला बरं वाटावं म्हून हासले असंन."

कॅमेऱ्याच्या अलीकडे कुणी माणूस असतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी चौकटीचा कोपरा न् कोपरा तपासला होता. थांबा मोजला होता, पातीचं तुटणं मोजलं होतं. ती बाई कुणाकडे बघून हसली, हा साधा प्रश्न माझ्या तीन परिच्छेदांत नव्हता. आजही मी चित्रपट बघतो, आवडीने बघतो, पण पडद्यावरचं कुणी सरळ समोर बघायला लागलं की माझी मान आपोआप खाली जाते.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुझं काय चुकलं? तुला काय म्हाईत." असं म्हणून त्या भाकरी टाकायला उठल्या. उठताना भिंतीला हात लावला, कमरेत वाकल्या आणि डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. मी मनात त्यांचे श्वास मोजत होतो. नामदेव म्हणाला, "अजून येती कळ?" त्या म्हणाल्या, "येती-जाती."

तेव्हा मला ती दिवाळीतली ओळ आठवली. काल नव्हे, कळ.

नामदेवने त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार गर्भाच्या पिशवीतून पुढे पसरला आहे, दोन-तीन वर्षं आधी आणायला हवं होतं. दोन-तीन वर्षं आधी त्या फडात होत्या. कळ आली की मोळीवर पोट दाबून बसायच्या आणि कळ गेली की उठायच्या, असं अण्णांनी नंतर सांगितलं. नामदेवच्या एका खोलीच्या घरात त्यांनी पावसाळा काढला. सुनंदा औरंगाबादहून रजा घेऊन पंधरा दिवस तिथं राहिली. त्यांचे केस विंचरायची, औषधं द्यायची. माहितीपटाचा विषय तिने एकदाही काढला नाही.

मी भाद्रपदात भेटायला गेलो. मावशी खाटेवर होत्या, हाताची कातडी सैल झाली होती. मला म्हणाल्या, "नामा म्हनतो तू पिच्चरचं लई लिहितोस. सांग की एखादा."

त्या वर्षी मला आवडलेल्या एका चित्रपटाची गोष्ट मी सांगायला लागलो. नामदेवसारखं उभं राहून करून दाखवणं मला जमत नाही, बसल्या बसल्याच सांगितली. गावातून शहरात गेलेल्या पोराची गोष्ट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "अन् त्याच्या आईचं काय झालं?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या अर्ध्या तासात ती होती. नंतर चित्रपटात ती कुठंच नव्हती. तसं मी सांगितलं. "आसं व्हय," एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना नामदेव जिन्यापर्यंत आला. म्हणाला, आईला विचारलं होतं, ते शेत सापडेल का, जाऊन येऊ. ती म्हणाली, तिथं काय हाय बघायला? ऊस असंन.

कार्तिकात, गाड्या निघायच्या दिवसांत, मावशी गेल्या. गावी आणलं. मातीला माणसं थोडी होती, कारण अर्धं गाव आदल्या दिवशीच गेलं होतं. जी चार-दोन बिऱ्हाडं मागे राहिली होती त्यांचा ट्रक देवळापाशी उभा होता. ड्रायव्हरने तेवढा वेळ इंजिन बंद ठेवलं. मग सगळे घाईने हात-पाय धुऊन चढले. मुकादमाने अण्णांकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तोडीला जोडी लागते. वय झालेल्या एकट्या गड्याला कुणी नेत नाही.

पुढच्या पौषात नामदेवचा फोन आला. "अण्णांला ते बघायचंय," तो म्हणाला. "आईनं काय सांगितलं ते. माझ्यानं दाखवणं व्हईना. तू जाशील का?"

दुकानात मी नुकताच लॅपटॉप घेतला होता. सीडी माझ्याकडे जपून ठेवलेली होती. एका सकाळी निघालो, दुपारी पोचलो. हिवाळ्यातलं ते गाव मी पहिल्यांदा बघत होतो. ओळीने कुलपं. दारांसमोर धूळ जशीच्या तशी, तिच्यावर कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या आणि मी कुणाचा कोण हे विचारायचीसुद्धा त्यांना उमेद नव्हती. शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता, तोही आठ-दहा पोरांचाच. इतकी शांतता होती की दूरच्या शिवारातल्या विहिरीवरचा जुना रहाट करकरलेला ऐकू येत होता.

अण्णांनी पत्र्याची पेटी पुढे ओढली. तिच्यावर मी लॅपटॉप ठेवला. पडद्यावर ऊन पडत होतं म्हणून त्यांनी दारावर घोंगडी टाकली. सगळा माहितीपट त्यांना नको होता. मी तोच प्रसंग लावला.

मावशी बोलायला लागल्या तसे अण्णा पुढे झुकले. सबंध बोलणं होईपर्यंत ते हलले नाहीत. शेवटी मावशी हसल्या, "झालं का, बाय?" म्हणाल्या, आणि चित्र थांबलं. मला वाटलं ते रडतील. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मावशींच्या खांद्यामागे, ट्रकच्या फळीवर, एक पाठमोरा माणूस मोळी वर देत होता.

"त्यो मी हाय," ते म्हणाले.

मी तो प्रसंग कितीदा पाहिला असेन. तो माणूस मला कधी दिसला नव्हता.

"मला कुणी इचारलं न्हाई," अण्णा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. जे झालं ते सांगावं तसं.

मी म्हणालो, "अण्णा, मी इचारतो."

त्यांनी घोंगडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्याच खांदलं. बांधावरल्या लिंबाखाली. ती तवा मोळ्या बांधायलती, थांबली असती तर गाडी ऱ्हायली असती. कोयत्यानंच खांदलं, दुसरं काय व्हतं? माती मऊ व्हती, पाणी दिल्यालं रान." थांबले. "नाव ठिवलं म्या. खांदता खांदता. तिला बी सांगितलं न्हाई. म्हनलं, कावून तरास द्यायचा."

"काय ठिवलं?"

"काशी."

परतताना लिंबागणेशला जीप बदलायची होती. देवळासमोरच्या हॉटेलात फोनची सोय होती. मी नामदेवला फोन लावला. अण्णांनी बघितलं, म्हणालो. मग म्हणालो, "नामा, तुझ्या बहिणीचं नाव काशी होतं. अण्णांनी ठेवलं होतं."

पलीकडे त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते. कुणीतरी हसत होतं, एक दार लागलं. नामदेवने ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "ठेवतो."